'आपण' म्हणजे नेमके कोण?

2024 च्या नोव्हेंबरात विधानसभा निवडणुकीची धामधूम चालू होती. आमच्या पारोळा भागातील एका सभेला मी वडिलांबरोबर गेलो होतो. परतताना वडील म्हणाले, "चांगला बोलना भाऊ. आपलाज माणूस शे." काय बोलला, असे विचारले तर त्यांना सांगता येईना. खरे म्हणजे मलाही येईना! भाषणाची सुरुवात "कसा शेतस बठ्ठा?" अशी अहिराणीत झाली होती आणि निम्मी सभा वक्त्याने तेथेच जिंकली होती. दुसऱ्या वाक्यापासून तो पुस्तकी मराठीत शिरला, तो शेवटपर्यंत बाहेर आला नाही.

पुढे जळगाव-धुळ्याकडची आणखी काही भाषणे मी वही घेऊन ऐकली. (मित्रांनी 'पत्रकार' म्हणून चिडवले, ते असो.) ऐकता ऐकता माझे लक्ष एका साध्या शब्दाकडे गेले. तो शब्द म्हणजे 'आपण'.

मराठीत 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. शेजारच्या गुजरातीतही हा भेद आहे. हिंदीच्या 'हम'मध्ये तो नाही. पण आपला 'आपण' मोठा लबाड शब्द आहे. आदरार्थी 'तुम्ही' म्हणूनही तो चालतो. भाषणाची सारी बांधणी या लबाडीवर उभी असते. आरंभी "कापसाला भाव नाही, आपण किती सोसायचे?" येथे वक्ता आपल्या बांधावर येऊन बसतो. मग कामांची यादी येते: "आम्ही रस्ता दिला, आम्ही वीज आणली." श्रोता हळूच बाहेर! न झालेल्या कामांना तर कर्ताच नसतो. "तापीचे पाणी शेतापर्यंत पोहोचले पाहिजे." अहो, पण पोहोचवायचे कोणी? आणि शेवटी, "आपण मला प्रचंड मतांनी विजयी करावे." शब्द तोच, पण आता त्यात वक्ता नाही. आमच्या घरात तर कुणी कुणाला असे आदराने 'आपण' म्हणतही नाही.

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती टिपून घेतली. ती काही प्रचाराची भाषणे नव्हती. पण बोलणारा आणि ऐकणारे एकाच तुरुंगातले कैदी होते. 'आपण' म्हणण्याचा हक्क त्या वक्त्याला होता. टाळ्या मोजण्यापेक्षा हा हक्क तपासावा, असे मला वाटते.

अर्थात पुढाऱ्यांना नावे ठेवणारा मी कोण? मागे वक्तृत्व स्पर्धेसाठी मी 'शेतकऱ्याची व्यथा' या विषयावर भाषण पाठ केले होते. "तो अडाणी आहे, त्याला कोणीही फसवतो," वगैरे वगैरे. घरी हातवारे करून म्हणून दाखवले. वडील ओट्यावर बसून शांतपणे ऐकत होते. संपल्यावर त्यांनी विचारले, "कोनाबद्दल बोली ऱ्हायना रे तू?"

मी वही उघडून पाहिली. सगळीकडे 'तो' होता. 'आपण' नव्हता, आणि 'आम्ही'ही नव्हता.