फिल्ममधलं मृगजळ

मे महिन्यात भर दुपारी गोंदियाहून तिरोड्याकडे निघा. पुढच्या डांबरावर पाणी साचल्यासारखं दिसतं. पाणी कुठलं आलंय बाप्पा! रस्त्यालगतची हवा तापते, तिचा अपवर्तनांक घसरतो आणि आकाशाकडून येणारा प्रकाश वाकतो, एवढंच. आता हेच एखाद्या पातळ फिल्ममध्ये घडलं, तर तिला लगेच 'उच्च दर्जाचं नॉनलिनिअर मटेरियल' म्हणायचं का? मला तरी हे पटत नाही.

मी बोलतोय ते ग्राफीन, मॉलिब्डेनम डायसल्फाइड अशा द्विमितीय पदार्थांचे पापुद्रे पॉलिमरमध्ये मिसळून केलेल्या नॅनोकॉम्पोझिट फिल्म्सबद्दल. त्या मोजायची लाडकी पद्धत म्हणजे झेड-स्कॅन. मन्सूर शेख-बहाई आणि सहकाऱ्यांनी ती १९८९-९० मध्ये मांडली. लेन्सने लेझर एका बिंदूवर आणायचा, फिल्म त्या बिंदूच्या अलीकडे-पलीकडे सरकवायची आणि समोरच्या बारीक भोकातून किती प्रकाश येतो ते टिपत जायचं. फिल्म स्वतःच भिंगासारखी वागली की आलेखात एक उंचवटा आणि एक खड्डा येतो. झकास आयडिया! आणि जिल्ह्याच्या कॉलेजातही जमण्यासारखी.

गोची आहे लेझरची. सतत चालणारा हिरवा लेझर स्वस्त, फेम्टोसेकंदांचे स्पंद देणारा महाग. सततच्या लेझरने फिल्म तापते, तापून भिंग बनते, आणि आलेख मात्र तसाच दिसतो! लेझरने द्रवात असं उष्णतेचं भिंग तयार होतं हे बेल लॅब्जच्या मंडळींनी १९६५ सालीच छापलंय. या उष्णतेमुळे आकडा साध्या काचेच्या कोट्यवधी पट निघतो. मग पेपरच्या शेवटी ठरलेलं वाक्य: 'अतिवेगवान ऑप्टिकल स्विचसाठी उपयुक्त'. अहो, ही उष्णता पसरायला मिलिसेकंद लागतात. कसला डोंबलाचा अतिवेग?

आमच्या धंद्यात मशीन न सांगता बेंचमार्कचा आकडा फेकला तर कोणी विचारत नाही. इथे स्पंदाची लांबी न सांगता आकड्यांची तुलना सर्रास चालते.

म्हणून लहान कॉलेजांनी हे काम सोडावं असं मुळीच नाही. वाटेत चॉपर लावा, ऑसिलोस्कोपवर सिग्नल किती वेळात बदलतो ते बघा. मिलिसेकंद लागले तर मथळ्यातच 'थर्मल' लिहा. त्यात लाज कसली? सततच्या झोतापासून सेन्सर वाचवायला अशी मंद फिल्मसुद्धा कामाची आहे. नॅनोसेकंदाच्या स्पंदासमोर मात्र ती तापून भिंग होईपर्यंत सेन्सर केव्हाच जळालेला असेल.