जुन्या वाद्यांची साक्ष

जुन्या वस्तूंचें वेड हा हौशी धनिकांचा छंद, असें समजून आम्हींहि पाश्चात्य संगीतांतील एका चळवळीकडे पुष्कळ दिवस दुर्लक्षच केलें होतें. ज्या काळीं रचना झाली त्या काळच्या घडणीच्या वाद्यांवरच ती वाजवावी, एवढेंच या मंडळींचें म्हणणें. आर्नोल्ड डोल्मेच (१८५८–१९४०) यांनीं इंग्लंडांत हॅसलमियर येथें १९२५ सालीं अशा वादनाचा उत्सव सुरू केला. पुढें १९५३ सालीं व्हिएन्ना येथें निकोलाउस हार्नोनकूर यांनीं याच कार्यासाठीं वादकांचा संच उभारला. परंतु या खटाटोपाचें मर्म आम्हांला पटलें तें हायडनमुळें.

हायडननें (१७३२–१८०९) पियानो, व्हायोलिन व चेलो या वाद्यत्रयीसाठीं, दिवाणखान्यांत चारचौघांनीं ऐकावें असें पुष्कळ संगीत रचिलें. त्यांत चेलो हें खर्जाचें तंतुवाद्य बहुधा पियानोवादकाच्या डाव्या हाताचेच स्वर वाजवितें. यावरून, चेलोवाल्याला व्यर्थ राबविलें, असा ठपका अनेकांनीं ठेविला. आजच्या पियानोवर ऐकल्यास तो खराहि वाटतो. कारण त्याची चौकट ओतीव लोखंडाची, तारा जाड, आणि खर्जाचा नाद कितीतरी वेळ घुमत राहणारा. हायडनच्या काळचा पियानो लांकडी सांगाड्याचा व बारीक तारांचा. हातोड्यांवर चामड्याचें वेष्टण. त्याचा स्वर स्पष्ट, पण उमटतांच विरणारा. त्या विरत्या खर्जाला चेलोची आंतड्याची तांत आधार देते, स्वर लांबविते, आणि जो दोष वाटला तोच गुण ठरतो! वाद्य बदललें, आणि अपराध मात्र रचनाकाराच्या माथीं आला.

तांत लवकर उतरते, तुटते. हा नाजूक स्वर मोठ्या सभागृहाच्या मागच्या रांगेपर्यंत पोंचत नाहीं, हें खरें. जुनें वाद्य मिळालें तरी श्रोत्यांचे कान जुने कोठून आणावे, हा प्रश्नहि उरतोच. केवळ जुनें वाद्य हातीं आलें म्हणून कोणी गुणी होत नाहीं. पण आपल्या सारंगीच्या मुख्य तारा तांतीच्याच असतात. तिच्या जागीं पेटी आल्यावर मींड कोठें हरपली, हें ज्या वाचकांनीं अनुभविलें आहे, त्यांना निराळें सांगावयास नको. निकाल देण्यापूर्वीं साक्ष ऐकून घ्यावी. एवढा न्याय दिवंगत कलावंतालाहि मिळावयास हवा.