रात्रीचे बाळंतपण आणि दिवसाचे रुग्णालय

प्रसूतिवेदना कचेरीची वेळ पाहून सुरू होत नाहीत. घरातील थोरल्या बायकांना हे ठाऊक असते आणि सरकारदप्तरीही ते मान्य आहे. प्रथम संदर्भ रुग्णालयाचा दर्जा ज्या रुग्णालयाला द्यावयाचा, तेथे शस्त्रक्रियेसह तातडीची प्रसूतिसेवा, नवजात बालकाची शुश्रूषा आणि रक्ताचा साठा या तिन्ही गोष्टी अहोरात्र उपलब्ध असाव्यात, असा दंडकच आहे. प्रश्न आहे तो त्याच्या पालनाचा.

महाराष्ट्राने या क्षेत्रात केलेली प्रगती नाकारण्याचे कारण नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये राज्यातील सुमारे ६५ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत होत होती. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण सुमारे ९५ टक्क्यांवर पोहोचले. दर लाख जिवंत जन्मांमागे होणारे मातामृत्यू २००१-०३ मध्ये १४९ होते, ते २०१८-२० मध्ये ३३ पर्यंत उतरले. मात्र त्याच काळात केरळात ही संख्या १९ होती, हेही विसरता येत नाही.

याचा अर्थ इतकाच की, स्त्री आता दवाखान्याच्या दारापर्यंत आली आहे. दारामागे तिला काय मिळते, हा यापुढचा प्रश्न आहे. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव दोन तासांतही प्राण घेऊ शकतो. अशा वेळी शस्त्रक्रियागृह आहे पण भूलतज्ज्ञ नाही, भूलतज्ज्ञ आहे पण रक्त जिल्ह्याच्या गावी, अशी अवस्था असेल, तर ‘पुढे घेऊन जा’ एवढेच सांगणे डॉक्टरांच्या हाती उरते. अक्राणी, धारणी वा भामरागडसारख्या तालुक्यांत त्या ‘पुढे’चा अर्थ रात्रीचा, घाटाचा वा जंगलाचा लांबलचक रस्ता असा होतो.

याचे खापर डॉक्टरांच्या बेपर्वाईवर फोडणे सोपे आहे. परंतु साधा हिशेब मांडून पाहावा. आठवड्याचे तास १६८. एका माणसाने ४८ तास काम करावयाचे म्हटले, तरी एका जागेवर अहोरात्र कोणीतरी हजर राहण्यासाठी चार माणसे लागतात. एका रुग्णालयात एकच स्त्रीरोगतज्ज्ञ आणि दुसऱ्यात एकच भूलतज्ज्ञ नेमून फलकावर ‘चोवीस तास’ असे लिहिल्याने रात्र उजळत नाही. जागा भरल्या असे कागदावर दिसते, सेवा मात्र कोठेच उभी राहत नाही.

तेव्हा मोजक्या तज्ज्ञांची अशी उधळण थांबवून दोन-तीन तालुक्यांच्या सोयीचे एक रुग्णालय निवडावे आणि तेथे पाळीने काम करणारे पुरेसे तज्ज्ञ, परिचारिका व रक्तसाठा एकत्र आणावा. पदवीधर डॉक्टरांना भूल देण्याचे अल्प मुदतीचे शिक्षण देण्याची सोय आहे. ते घेतलेल्यांची बदली शस्त्रक्रियागृह नसलेल्या जागी होणार नाही, एवढे तरी पाहावे.

यावर आक्षेप येईल की, मग दूरच्या गावांचे काय? तो रास्त आहे. त्यासाठी साधी बाळंतपणे जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच व्हावीत. रक्तस्राव वा झटके आल्यास पहिले इंजेक्शन तेथेच देऊन मगच रुग्णवाहिका निघावी आणि पुढच्या रुग्णालयाला दूरध्वनीने आधी वर्दी मिळावी. जोखमीच्या स्त्रियांना दिवस भरत आल्यावर जवळ आणून ठेवण्यासाठी आदिवासी भागांत ‘माहेरघर’ योजना आहे. ती या निवडक रुग्णालयांच्या आवारातही न्यावी.

आपल्या तालुक्यातील रुग्णालयाचा दर्जा उतरू देण्यास लोकप्रतिनिधी सहजी राजी होणार नाहीत. त्यांनी एकदा मध्यरात्री, पूर्वसूचना न देता, त्या रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात जाऊन उभे राहावे. इमारतीचा अभिमान बाळगावयाचा की आईचा जीव वाचवावयाचा, याचा निर्णय तेथे करणे त्यांना अवघड जाणार नाही.