बिल 'सेव्ह' झालं, म्हणजे नेमकं कुठे गेलं?

या आठवड्याचा व्हिडिओ पायथॉनमध्ये फाईल लिहिण्यावर आहे. "आम्हाला दुकान टाकायचंय, कोडिंग कशाला?" असं म्हणाल. पण हल्ली भाचा, शेजारचा इंजिनीअर, नाहीतर एआय दोन दिवसांत बिलिंगचा प्रोग्राम करून देतो. माझं मत स्पष्ट आहे: रंगीत रिपोर्ट नंतर बघा, आधी विचारा की बिल डिस्कवर कधी जातं?

प्रोग्रामने 'राईट' म्हटलं की मजकूर लगेच डिस्कवर जात नाही. तो आधी प्रोग्रामच्या बफरमध्ये थांबतो. 'फ्लश' केलं किंवा फाईल बंद केली की ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातो, आणि तीसुद्धा थोडा वेळ तो रॅममध्येच ठेवते. डिस्कवर लिहून झाल्याशिवाय पुढे जाऊ नको, हे सांगायला 'एफसिंक' ही वेगळी आज्ञा आहे. त्याने काम जरा हळू होतं. दिवसाला शंभर-दोनशे बिलं करणाऱ्या दुकानाला तो उशीर जाणवणारही नाही.

मुंबईत वीज जात नाही, असं आपण ऐटीत सांगतो. 12 ऑक्टोबर 2020 आठवा. सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास शहराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. लोअर परळच्या एखाद्या गाळ्यात यूपीएसशिवाय डेस्कटॉप चालू असेल, तर रॅममधलं सगळं त्याच क्षणी गेलं.

त्याहून घातक 'डब्ल्यू' मोड. त्यात फाईल उघडताक्षणीच जुना मजकूर पुसला जातो. उधारीची यादी दर वेळी नव्याने लिहिली जात असेल आणि मध्येच वीज गेली, तर नवी यादी नाही आणि जुनीही नाही! म्हणून आधी दुसऱ्या नावाच्या फाईलमध्ये पूर्ण लिहायचं, एफसिंक करायचं, मगच ती जुनीच्या जागी बसवायची. नुसती भर घालायची असेल तर 'ए' मोड. (आणि एन्कोडिंग 'यूटीएफ-8' लिहायला सांगा, नाहीतर विंडोजवर गिऱ्हाईकाचं मराठी नाव आलं की एरर येऊ शकते.)

जुने दुकानदार गिऱ्हाईक समोर असतानाच उधारी वहीत टिपतात, संध्याकाळी आठवून लिहू म्हणत नाहीत. प्रोग्रामनेही तेच करावं.

पैसे देण्याआधी जुन्या डेस्कटॉपवर ट्रायल घ्या. लॅपटॉप नको, त्याला बॅटरी असते. यूपीएस काढा, दहा बिलं करा, दहावं सेव्ह झाल्याचं दिसताच मेन स्विच बंद. मशीन चालू करून बिलं मोजा. असं चार-पाच वेळा करा. एकदा जरी नऊ निघाली, तरी त्या पोराला परत कामाला बसवा.