हात कामात, मन मोकळं

लिहायला बसावं आणि एक ओळही सुचू नये, हा अनुभव काही फक्त लेखकांनाच येत नाही. महिला मंडळात दोन शब्द बोलायचे असतात, पुतणीच्या लग्नात नवा उखाणा घ्यायचा असतो, नातवाला शाळेच्या अंकासाठी कविता करून द्यायची असते. कागद समोर आणि डोकं रिकामं! मग आपण आणखी नेटानं बसतो, आणि जितकं बसावं तितकं सुचणं लांब पळतं.

आपल्या आज्या-पणज्या सुचावं म्हणून बसत नव्हत्या, त्या दळायला बसत होत्या. आपण मराठीत तिला जात्यावरची ओवी म्हणतो, कन्नडमध्ये ‘बीसुव पद’. भाषा दोन, जातं एकच. विजापूर जिल्ह्यातल्या हलसंगी गावच्या मित्रमंडळींनी बायकांची अशी गाणी गोळा केली आणि १९३१ साली ‘गरतिय हाडु’ हा संग्रह निघाला. तिकडे खानदेशात बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात, शेतात काम करता करता त्या गाणी रचत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरच्यांनी ती टिपून ठेवली, म्हणून १९५२ मध्ये, बहिणाबाईंच्या मागे, त्यांचं पुस्तक झालं.

जातं ओढणं कष्टाचं होतं. गिरणी आली, बायकांचे हात सुटले, ते चांगलंच झालं. पण हात गुंतलेले आणि मन मोकळं, असा जो एक तास मिळायचा, तोही जात्याबरोबर गेला. आता शेंगा सोलताना समोर मालिका असते, भाकरी थापताना कानाला मोबाईल.

गेल्या वर्षी आईच्या वर्षश्राद्धाला एक छोटी पुस्तिका काढायचं ठरलं. भाऊ म्हणाला, “ताई, आईबद्दल तूच लिही.” दर आठवड्याला लिहिणारी मी, पण चार संध्याकाळी नुसती बसून राहिले. आई प्रेमळ होती, कष्टाळू होती, एवढंच उतरत होतं. ते तर कुणाच्याही आईबद्दल लिहिता आलं असतं. आमच्या वहिनी कन्नड घरातल्या. त्यांनी सूप पुढ्यात ठेवलं नि म्हणाल्या, “सुम्न कूडब्याड्री, जोळा हसन माड्री.”

मी मुकाट्यानं जोंधळे निवडू लागले. निम्मं सूप झालं असेल, आणि आईचा आवाज कानात आला. धान्य मापताना पहिल्या मापाला ती ‘एक’ म्हणायची नाही, ‘लाभ’ म्हणायची. पण शाळा कन्नड, म्हणून पुढची मोजणी कन्नडमध्ये: “लाभ, एरडु, मूरु, नाल्कु...” अख्खी आई त्या मोजणीत होती. तिथून लेख सुरू झाला, आणि वहिनींचं सूप तसंच राहिलं!

यात चमत्कार काही नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोग करून पाहिले. बसून विचार करण्यापेक्षा चालताना माणसांना नव्या कल्पना सरासरी ६० टक्के जास्त सुचल्या. मात्र जिथं एकच नेमकं उत्तर शोधायचं होतं, तिथं चालण्याचा फायदा दिसला नाही. म्हणजे सुचायला हिंडावं, तपासायला बसावं.

तेव्हा मैत्रिणींनो, अडलात तर पंधरा-वीस मिनिटं एखादं सवयीचं काम घ्या. भांडी घासा, मेथी निवडा, अंगणात रांगोळी काढा, नाहीतर गल्लीच्या टोकापर्यंत पायी जाऊन या. हिशेबाचं काम नको, त्यात मन अडकतं. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. कागद-पेन्सिल मात्र ओट्याजवळ असू द्या, कारण सुचलेलं थांबत नाही.

आणि लिहिताना कसुती आठवा. तिच्यातला ‘गवंती’ टाका जाताना मध्ये जागा सोडत जातो आणि परत येताना त्या जागा भरतो. तसंच पहिल्या खेपेला गाळलेल्या जागा राहू द्या. शब्द मराठी सुचत नसेल तर कन्नड लिहा, आपल्या घरांत त्याला कोण हसणार? परतीच्या टाक्यात भरता येतं.