आजोबांचें पांढरें धोतर

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं एक वाद निघाला. आमच्या वडिलांनीं 1958 सालीं काढलेल्या छायाचित्रांच्या कृष्णधवल निगेटिव्हची एक पत्र्याची पेटी माळ्यावर आहे. पुतण्यानें त्या सर्व स्कॅन केल्या आणि विचारलें, "काका, आतां ही अडगळ कशाला?" वहिनी म्हणाल्या, "मामंजींच्या हातचें आहे, टाकूं नये." दोघांचेंही म्हणणें आम्हांस नाकारवेना, म्हणून प्रश्न मुळापासून पाहूं लागलों.

फिल्मवर चांदीच्या क्षारांचे कण असतात. उजेड फार झाला म्हणजे त्यांचा काळेपणा वाढावयाचा एकदम थांबत नाहीं, मंदावत जातो. म्हणून भर उन्हांतील पांढऱ्या वस्त्राचे बारकावेहि बहुधा निगेटिव्हमध्यें उरतात. डिजिटल सेन्सर मात्र उजेड मापानें मोजतो. माप भरलें कीं पुढचें सारें सांडलें! उलट, अंधाऱ्या कोपऱ्यांतील थोडासा उजेडहि तो जपून ठेवतो. तेथें फिल्म कोरीच राहते.

रंगाचा भेद आणखी निराळा. सामान्य सेन्सरवर कोडॅक कंपनीचे ब्राइस बेयर यांनीं योजिलेली रंगीत गाळणी असते. तिचें पेटंट 1976 सालचें. तिचे अर्धे बिंदु हिरवे, पाव तांबडे आणि पाव निळे. उरलेले रंग गणितानें भरून काढावयाचे व मग चित्र कृष्णधवल करावयाचें. यांत एक सोय आहे: आकाश गडद करणें चित्र काढल्यावरहि साधतें. फिल्मला त्यासाठीं भिंगापुढें पिवळी वा तांबडी कांच आधींच लावावी लागते. 2012 सालीं लायका कंपनीनें ही गाळणीच वगळून केवळ कृष्णधवल चित्रांचा कॅमेरा काढला. त्यानें रेखीवपणा वाढला, पण ती सोय गेली.

आतां स्कॅनकडे वळूं. 24 × 36 मिलिमीटरची चौकट इंचास 4000 बिंदु या प्रमाणें स्कॅन केली, तर सुमारें 2 कोटी 14 लाख बिंदु मिळतात. तेव्हां केवळ बिंदूंच्या संख्येवरून भांडण्यांत अर्थ नाहीं. पण स्कॅनरहि सेन्सरच! त्यालाहि माप आहे.

पुतण्याच्या स्कॅनमध्यें अंगणांत उभ्या असलेल्या आजोबांचें धोतर म्हणजे नुसता पांढरा डाग होता. यंत्राच्या आपोआप मोजणीवर भरवसा ठेवून त्यानें घाई केली होती. तीच निगेटिव्ह आम्हीं त्याच्याकडून सावकाश पुन्हां स्कॅन करविली, आणि धोतराच्या निऱ्या, कांठ, खांद्यावरील उपरण्याची घडी, सारें दिसूं लागलें. वहिनी बराच वेळ बोलल्या नाहींत. मग पुतण्यानेंच गेल्या वर्षीच्या मुंजीचें आपलें डिजिटल चित्र उघडलें. त्यांत आत्याबाईंची पांढरी शाल अशीच कोरी होती. त्यानें नाना उपाय केले, पण तेथें कांहीं नव्हतेंच, येणार कोठून? मात्र त्याच दिवशीं समईच्या उजेडांत टिपलेलें देवघर त्यानें जसें उजळून दाखविलें, तसें फिल्मवर आम्हांस कधींच साधलें नसतें.

तेव्हां आमचा कौल असा: घरांतल्या मंद उजेडाला डिजिटल, भर उन्हाला फिल्म. पण स्कॅन म्हणजे निगेटिव्ह नव्हे. तें तिचें एकदां केलेलें वाचन होय. पोथी एकदां वाचली म्हणून कोणी नदींत सोडीत नाहीं.

पेटी तापणाऱ्या माळ्यावरून खालीं, कोरड्या कपाटांत आली आहे. चावी पुतण्यानें मागून घेतली.