गार्ड काढू नका, हक्क घालवू नका



कापण्याची हत्यारे आता तारेतून सुटली आहेत. ग्राइंडर, लाकूड कापायची गोल करवत, फांद्या छाटायची चेन सॉ, केबल कापायचे यंत्र, सगळे बॅटरीवर चालू लागले आहे. रेल्वेच्या गँगमध्ये, कॅरेज-वॅगनच्या डेपोत, सिग्नल खात्यात, टपाल खात्याच्या इमारतींच्या दुरुस्तीत आणि आपल्या क्वार्टरांतही ही यंत्रे दिसतात. कामगाराच्या दृष्टीने ही गोष्ट चांगलीच आहे. जनरेटर ओढत न्यावा लागत नाही, पेट्रोलचा धूर नाकात जात नाही, पायात वायर अडकत नाही. तेव्हा संघटनेने या यंत्रांना विरोध करावा, असे माझे म्हणणे नाही. तार गेली म्हणजे धोका गेला असा जो समज साहेबांपासून हेल्परपर्यंत सर्वांमध्ये पसरला आहे, तो खोटा आहे, एवढेच मला सांगायचे आहे. या समजाची किंमत कामगार बोटांनी, डोळ्यांनी आणि भरपाईच्या पैशांनी मोजतो.

यंत्र तारेचे होते तेव्हा प्लग डोळ्यांसमोर असे. चकती बदलायची तर आधी प्लग काढायचा, ही शिस्त जुन्या मिस्त्रींनी नवख्यांच्या अंगी बाणवली होती. बॅटरीच्या यंत्रात तो प्लग यंत्रालाच चिकटलेला असतो. बॅटरी म्हणजेच प्लग. ती लागलेली आहे तोवर यंत्र जिवंत आहे, मग ते बाकावर पडलेले असो की पिशवीत. आमच्या एका सभासदाने मांडीवर ग्राइंडर धरून पान्याने चकती सोडवायला घेतली. बॅटरी काढलेली नव्हती. जोर लावताना तळव्याखाली बटण सरकले आणि दोन बोटे गेली. यंत्र नवे होते, माणूस कामात तरबेज होता, दारूचा थेंब नव्हता. बॅटरी बाजूला ठेवायला दोन सेकंद लागतात, तेवढे दिले गेले नाहीत. बटण चालू राहिले असताना बॅटरी बसवली की कित्येक स्वस्त यंत्रे लगेच फिरू लागतात, हेही ध्यानात ठेवा. बॅटरी बसवण्याआधी बटण बघा आणि चकतीला हात लावण्याआधी बॅटरी काढा.

आता चकतीचा वेग पाहू. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेतो. हिशेब केला तर चकतीच्या कडेचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या वर जातो. त्या वेगाने फुटलेला तुकडा डोळ्यात गेला तर पापणी मिटायलाही वेळ मिळत नाही. म्हणूनच प्रत्येक चकतीवर ती जास्तीत जास्त किती फेऱ्यांना चालते हा आकडा छापलेला असतो. सात इंची चकतीवर साधारण 8,500 असते. गार्ड काढून तीच चकती चार इंची ग्राइंडरवर चढवली, तर ती तिच्या ताकदीबाहेर फिरते आणि मग ती कधी फुटेल याचा नेम नाही. चकती पडलेली, भिजलेली, चिरलेली किंवा मुदत संपलेली असेल तर फेकून द्या. चांगल्या चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदत कोरलेली असते. ग्राइंडरवर लाकडाचे दातेरी पाते बसवण्याची चाल तर अगदी घातक आहे. पाते लाकडात अडकले की यंत्र उलटे उसळते आणि ते थेट मांडीवर किंवा गळ्यावर येते.

रुळावरचे काम याहून अवघड. 1870 साली जीआयपी आणि ईस्ट इंडियन या दोन कंपन्यांचे रूळ आपल्या जबलपूरला येऊन मिळाले आणि मुंबई-कलकत्ता रस्ता खुला झाला. त्यानंतर कित्येक दशके गँगमन रूळ हॅक्सॉने, घाम गाळून कापत आला. आज मीटरला 60 किलो वजनाचा रूळ चकतीचे यंत्र काही मिनिटांत कापते. पण वेल्ड करून लांब केलेल्या रुळाला स्वतःचा एक जोर असतो, हे नवख्या मुलांना कोणी सांगत नाही. मे महिन्याच्या दुपारी रूळ हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी जास्त तापतो. त्याला वाढायचे असते, पण जागा नसते, म्हणून तो आतून दाबलेला असतो. काप पुरा व्हायला आला की दोन्ही टोके एकमेकांकडे सरकतात आणि फिरती चकती चिमट्यात सापडते. मग ती फुटते तरी किंवा यंत्र झटका देते तरी. थंडीच्या पहाटे उलटे होते. रूळ ताणलेला असतो आणि शेवटचा काप पडताच टोके एकदम फाकतात. म्हणून यंत्र रुळाला क्लँपने बांधूनच कापायचे आणि चकतीच्या सरळ रेषेत कोणी उभे राहायचे नाही. कधी कापायचे, हे मेट आणि सुपरवायझर यांनी तापमान पाहून ठरवायचे.

आणखी एक गोष्ट. बॅटरीचे यंत्र मुके वाटते, पण चकती लोखंडाला लागली की हॉर्नसुद्धा ऐकू येत नाही. पश्चिम मध्य रेल्वेचे मार्ग 2021 मध्ये संपूर्ण विजेवर आले. विजेचे इंजिन डिझेलसारखी दुरून घरघर करत येत नाही. यंत्र हलके आहे, एकच माणूस उचलू शकतो, म्हणून एकालाच पाठवले तर गाडी बघायची कोणी? फांद्या छाटण्याचेही तसेच. लांब दांड्याची बॅटरीची करवत हातात आली की माणूस वर हात घालतो. यंत्राला तार नाही, पण डोक्यावर 25,000 व्होल्टची तार आहे. जिवंत तारेपासून दोन मीटरच्या आत पॉवर ब्लॉक आणि लेखी परमिट असल्याशिवाय काम करायचे नाही, हा नियम बॅटरीच्या यंत्राने बदललेला नाही.

आता गार्डबद्दल बोलतो, कारण या लेखाचा खरा मुद्दा तोच आहे. आपली माणसे गार्ड काढतात. काप दिसत नाही, कोपऱ्यात यंत्र जात नाही, मोठी चकती बसत नाही, अशी कारणे सांगतात. बंधूंनो, हे गार्ड कोणा कंपनीने आपल्यावर उपकार म्हणून लावलेले नाही. या देशात 1881 सालच्या पहिल्या कारखाना कायद्यात धोकादायक यंत्राभोवती कुंपण घालण्याची तरतूद आली. तो कायदा तोकडा होता, शंभर कामगारांच्या खालच्या कारखान्यांना लागू नव्हता. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केले, कमिशनसमोर त्यांची बाजू मांडली, 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली आणि 1891 मध्ये सुधारलेला कायदा आला. आज ग्राइंडरवर जे अर्धे पत्र्याचे झाकण दिसते, ते त्याच कुंपणाचे धाकटे भावंड आहे. पिढ्यान्‌पिढ्या भांडून मिळवलेली वस्तू आपण एका पान्याने काढून खिशात टाकतो, हे कोणत्या शहाणपणात बसते?

यात पैशाचाही सवाल आहे आणि तो फार थोड्या सभासदांना ठाऊक आहे. 1923 च्या भरपाई कायद्याच्या यादीत प्रत्येक अवयवाची टक्केवारी दिलेली होती. अंगठा गेला तर 30 टक्के, पूर्ण तर्जनी गेली तर 14 टक्के, एका हाताची दोन बोटे गेली तर 20 टक्के, एक डोळा गेला तर 40 टक्के. पण त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात एक अट होती. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले नसेल, आणि कामगाराने सुरक्षेसाठी दिलेले गार्ड मुद्दाम काढल्यामुळे किंवा त्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे इजा झाली असेल, तर मालक भरपाई द्यायला बांधलेला नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यातही ही अट कायम आहे. बोट जाणे हे संपूर्ण अपंगत्व नव्हे. म्हणजे ज्या अपघातात बोट जाते, नेमक्या त्याच अपघातात ही अट तुमच्या आड येते. चौकशी अधिकारी पहिला प्रश्न विचारतो, “गार्ड कुठे होते?” ते टूलबॉक्समध्ये सापडले तर संघटनेचा प्रतिनिधी कितीही जोराने बोलला तरी त्याचा हात अडकतो.

पण याची दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. गार्ड मुळात दिलेच नव्हते, तुटलेले होते, किंवा चकती चुकीच्या मापाची पुरवली होती, तर ती जबाबदारी प्रशासनाची. मात्र ते कागदावर असले पाहिजे. तोंडी सांगितलेले चौकशीत उभे राहत नाही. म्हणून यंत्र ताब्यात घेताना गार्ड, बाजूचा दांडा, चकतीवरचा आकडा आणि बॅटरीची स्थिती पाहा. कमी असेल ते रजिस्टरमध्ये लिहा, सुपरवायझरची सही घ्या आणि एक प्रत शाखेकडे द्या. सही मिळाली नाही तर तसे लिहून शाखेकडे द्या. दोन ओळींचा हा कागद उद्या तुमच्या घरच्यांच्या उपयोगी पडेल.

अंगावरच्या वस्तूंचेही तसेच आहे. नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे. बाजूने बंद असलेला गॉगल पाहिजे. गळ्यातला गमछा, सैल ओढणी, लोंबती बाही फिरत्या चकतीत क्षणात गुंडाळली जाते. सिमेंटचा स्लीपर किंवा फरशी कोरडी कापली तर बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस देते. त्याला औषध नाही, मास्क आहे. बटण बंद केल्यावरही चकती काही क्षण फिरत राहते, ती थांबेपर्यंत यंत्र खाली ठेवू नका. उन्हाळ्यात रुळालगतचे वाळलेले गवत एका ठिणगीने पेटते, म्हणून पाणी आणि वाळू जवळ हवी.

बॅटरीचे दुखणे वेगळे आहे आणि ते रेल्वेइतकेच टपालाच्या बंधूंचेही आहे. लिथियमची बॅटरी उन्हात तापलेल्या पेटीत ठेवू नये, बोल्ट-खिळ्यांच्या पिशवीत सुटी टाकू नये, दुसऱ्याच कंपनीच्या चार्जरवर लावू नये, रात्रभर कोणी नसलेल्या खोलीत चार्ज करू नये. फुगलेली किंवा पडून चेपलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. ती आतून पेटली की वरची ज्वाळा विझल्यासारखी दिसते आणि पुन्हा भडकते. 3 सप्टेंबर 2010 रोजी दुबईत यूपीएस कंपनीचे मालवाहू विमान आग लागून कोसळले आणि दोघे वैमानिक गेले. त्या विमानात लिथियम बॅटऱ्यांचा माल होता. म्हणूनच आंतरराष्ट्रीय टपालात सुटी लिथियम बॅटरी घेत नाहीत. पार्सलवर किंवा आरएमएसमध्ये काम करणाऱ्या बंधूला एखादे पार्सल गरम लागले, फुगलेले दिसले किंवा त्याला उग्र वास आला, तर ते बाजूला काढून वरिष्ठांना कळवणे हे त्याचे कामच आहे. त्यामुळे बॅग थोडी उशिरा सुटली म्हणून कोणी मेमो दिला, तर संघटना त्याच्या पाठीशी उभी राहील.

डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने 2012 साली दिलेल्या अहवालात नोंदवले होते की 2007-08 ते ऑक्टोबर 2011 या काळात सुमारे 1,600 रेल्वे कर्मचारी कामावर असताना मृत्युमुखी पडले आणि सुमारे 8,700 जखमी झाले. प्रवाशांच्या सुरक्षेवर रोज बोलणाऱ्या प्रशासनाला आपल्याच माणसांचा हा हिशेब ऐकायला आवडत नाही. तो ऐकवणे हे आपले काम आहे.

तेव्हा पुढच्या पी.एन.एम. बैठकीत मांडण्यासाठी माझ्या चार सूचना आहेत. एक, बॅटरीचे कापण्याचे यंत्र हातात देण्यापूर्वी मराठी-हिंदीत प्रत्यक्ष प्रशिक्षण द्यावे आणि ते कामाच्या वेळेत धरावे. दोन, यंत्राबरोबर गार्ड, गॉगल, मास्क, योग्य मापाच्या चकत्या आणि मूळ चार्जर यांचा पूर्ण संच द्यावा. नुसते यंत्र देऊन मोकळे होऊ नये. तीन, यंत्र हलके झाले म्हणून माणसे कमी करू नयेत. रुळावर कापणाऱ्याबरोबर लूकआउट पाहिजेच. चार, ब्लॉकची वेळ अशी द्यावी की बॅटरी काढून चकती बदलायला कामगाराला भीती वाटणार नाही. घाईची वेळ प्रशासनाने आखायची आणि अपघात झाला की “कामगाराची हलगर्जी” असा शेरा मारायचा, हे चालणार नाही.

या मागण्यांना वजन कशाने येईल? आपल्या स्वतःच्या शिस्तीने. ज्या गँगमध्ये एकही गार्ड काढलेले नाही, तिथला प्रतिनिधी साहेबांसमोर ताठ मानेने बोलू शकतो. प्रत्येक शाखेने या महिन्यात एक दिवस ठरवावा, आपल्याकडची सगळी यंत्रे बाकावर मांडावीत, बॅटऱ्या काढाव्यात आणि एकेक तपासून यादी करावी. ज्याला गार्ड नाही ते यंत्र दुरुस्त होईपर्यंत कोणीही चालवू नये. ती यादी माझ्याकडे पाठवा.

कामगार एकजुटीचा विजय असो!